चोवीस तास पाणी दिलं की नासाडी वाढते?

या चर्चेत वर दोघा-तिघांनी लिहिलंय की चोवीस तास पाणी दिलं तर लोक नळ सोडून बसतील. मला उलटं वाटतं. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवून आणि जास्त वापराला चढता दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मीटर नसेल तर मात्र तुमची भीती शंभर टक्के खरी!

नासाडी आत्ताच्या, ठरावीक वेळच पाणी सोडण्याच्या पद्धतीतही होते. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की आपणच काल भरून ठेवलेलं 'शिळं' पाणी ओतून देतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि शेजारच्या फुटक्या गटारातली घाण सांध्यांमधून आत ओढली जाते. जलशुद्धीकरण केंद्रात कितीही क्लोरीन घातला तरी पहिल्या पाच-दहा मिनिटांचं गढूळ पाणी येतं ते बहुधा यामुळेच. दाब कायम असेल तर गळतीतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. (ही गळती शोधायची तर प्रत्येक झोनच्या, म्हणजे पाणीवाटपाच्या भागाच्या, तोंडाशी मीटर हवा. रात्री दोन-तीनच्या सुमारास सगळे झोपलेले असताना जो प्रवाह दिसतो, तो बहुतेक गळतीचाच.)

सांडपाण्याचा मुद्दा कुणीच काढला नाही. माणशी रोज १३५ लिटर दिले तर साधारण ८० टक्के गटारात येतं. नव्या पाणीयोजनेसोबत त्या सांडपाण्याची सोय कागदावर तरी आहे का, हे आधी विचारा.