लॅक ऑपेरॉन: सीएएमपीच्या आधी पर्मिएज बघा

ग्लुकोज संपल्यावर ई. कोलाय हा जिवाणू लॅक्टोज या दुसऱ्या साखरेकडे कसा वळतो याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं: ग्लुकोज संपलं, सीएएमपी (पेशीतला एक छोटा संदेशवाहक रेणू) वाढलं, ते जनुकं चालू करणाऱ्या सीआरपी प्रथिनाला चिकटलं आणि लॅक ऑपेरॉन (लॅक्टोज वापरण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा एकत्र चालणारा गट) चालू झालं. पाठ्यपुस्तकांत बहुतेक असंच असतं, पण त्यात एक महत्त्वाचा दुवा सुटतो.

ग्लुकोज आत घेणाऱ्या यंत्रणेत ईआयआयए नावाचं प्रथिन आहे. ग्लुकोज येत असताना त्याच्यावरचा फॉस्फेट सतत पुढे ग्लुकोजकडे जातो, म्हणून ते बहुतांशी फॉस्फेटविना असतं. असं मोकळं ईआयआयए लॅक्टोज आत आणणाऱ्या पर्मिएजला चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. लॅक्टोज आतच आलं नाही तर त्यापासून अलोलॅक्टोज बनणार कुठून, आणि ते चिकटल्यावरच सुटणारा रिप्रेसर (ऑपेरॉन बंद ठेवणारं प्रथिन) डीएनएवरून हटणार कसा? जपानी संशोधकांनी 1996 मध्ये दाखवलं की ग्लुकोजवर वाढताना आणि नंतर लॅक्टोजवर वाढताना सीएएमपीची पातळी साधारण सारखीच असते. मधे वाढ थांबते तेवढ्यापुरती ती चढते. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. सीएएमपी-सीआरपी लागतंच, पण दोन साखरांमधली निवड मुख्यतः पर्मिएजपाशी होते.

अमिनो आम्लांचा तुटवडा असेल तर मात्र वेगळी वाट. अमिनो आम्ल न घेतलेला टीआरएनए (अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू) रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, येऊन बसला की रेलए हे एन्झाइम पीपीजीपीपी हा तुटवड्याचा इशारा देणारा छोटा रेणू बनवतं. हे पीपीजीपीपी थेट आरएनए पॉलिमरेजला (जनुकांच्या आरएनए प्रती काढणाऱ्या एन्झाइमला) चिकटतं, रायबोसोम घडवण्याचा खर्च आवरतं आणि अमिनो आम्लं बनवणाऱ्या अनेक जनुकांना चालना देतं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या ट्रिप्टोफॅन ऑपेरॉनसारख्यांचे स्वतःचे रिप्रेसर असतातच, हे त्यांच्या जोडीला चालतं.