मदत हवी आहे: क्रोम फिटिंगसाठी बिनदातांचा पाना कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत प्लंबिंगची कामं करतो, बरीचशी बाथरूमच्या रिपेरिंगची. गेल्या आठवड्यात एका ताईंकडे नवीन अँगल कॉक (भिंतीतल्या पाइपवर बसणारा छोटा नळ) बसवताना वॉटर पंप प्लायर, म्हणजे दातेरी जबड्याची मोठी पक्कड, वापरला, खाली कापड गुंडाळलं होतं पण शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला ते सरकलं आणि क्रोमवर दातांचे चार बारीक ओरखडे उठले. ताई काही बोलल्या नाहीत, नुसता अंगठा फिरवून बघितला, मलाच फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पैशाने कॉक बदलून दिला.

आता सपाट जबड्याचंच हत्यार घ्यायचंय. साधा स्क्रू पाना आहे माझ्याकडे, पण जुना झाल्याने जबडा हलतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि बॉटल ट्रॅपच्या (बेसिनखालच्या बाटलीसारख्या सांडपाण्याच्या जोडाच्या) मोठ्या नटाला तो उघडतच नाही एवढा. क्निपेक्स या जर्मन कंपनीचा प्लायर्स रेंच (पकडीसारखा दाबायचा पाना) बघितला, त्याचे दोन्ही जबडे कुठल्याही मापाला समांतरच राहतात, बटण दाबून माप बदलतं आणि दाबू तसा नट समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंनी घट्ट धरला जातो, दातच नाहीत. पण किंमत बघून हात आखडतो.

ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा, 180 एमएम लांबीचा घेऊ की 250? बेसिनखाली भिंतीलगत हात फिरायला जागा नसते तिथे 250 अडतो का? की रुंद जबड्याचा, आखूड दांड्याचा चांगला स्क्रू पाना घेतला तरी भागेल?