मदत हवी आहे: जुनी एस-क्लास रात्रीत पुढून डावीकडे बसते, एअर सस्पेन्शनची गळती शोधायची कशी?

खानापूररोडकर:
नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची मर्सिडीज एस ३५०, डब्ल्यू २२० मॉडेल. चारही चाकांना एअरमॅटिक, म्हणजे मर्सिडीजचं हवेवरचं सस्पेन्शन. काकांकडून आलेली आहे, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको. घरात तो विषय निघाला की जेवणं होत नाहीत.

संध्याकाळी गाडी सरळ उभी असते. सकाळी पुढचा डावा कोपरा इतका बसलेला, की टायर आणि फेंडरच्या मध्ये बोट जात नाही. बाकीचे तीन कोपरे जागच्या जागी. गाडी चालू केली की कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरतो, डॅशबोर्डवर 'स्टॉप, कार टू लो' येतं आणि मग हळूहळू कोपरा वर येतो. एकदा वर आला की चालवताना काहीच तक्रार नाही. मध्ये चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो, रस्ता तुम्हाला माहीत आहेच, तरी काही नाही. थंडी पडल्यापासून मात्र बसणं वाढलंय.

स्ट्रटच्या, म्हणजे प्रत्येक चाकावरच्या हवेच्या फुग्याच्या खांबाच्या, वरच्या टोकाला हवेची नळी जोडते, तिथे ब्रशने साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा नाही. खालचा रबरी फुगा कव्हरच्या आत असल्यामुळे दिसत नाही.

एका गॅरेजवाल्याने खाली न वाकताच निकाल दिला: चारही स्ट्रट बदला, नाहीतर साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून मोकळे व्हा. चार स्ट्रटचा आकडा ऐकून मीच खाली बसलो. तर प्रश्न दोन. गळती स्ट्रटमध्ये आहे की व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (कॉम्प्रेसरची हवा चारी कोपऱ्यांना वाटणारा ठोकळा), हे सुटे भाग मागवण्याआधी कळतं का? आणि कॉइल बसवलेल्यांचा अनुभव काय?

तवंदी_घाट:
कॉइलचं मी सांगतो. माझ्या ई-क्लासला आधीच्या मालकाने बसवून घेतल्या होत्या. गाडी बसत नाही, हे खरं. पण ती चाल गेली, आणि सस्पेन्शनचा इशारा डॅशबोर्डवर कायमचा मुक्कामाला. तुमच्या गाडीचा स्ट्रट म्हणजे नुसता हवेचा फुगा नाही, शॉकॅब्सॉर्बर कडक-मऊ होणं पण त्याच्यातच आहे. स्वस्तातलं किट लावलं की ते सगळं गेलं. निपाणीहून कोल्हापूरकडे हायवेचं काम चाललेलं, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, आणि प्रत्येक खड्डा मणक्यात मोजायचा. एका कोपऱ्यासाठी चारी चाकांना शिक्षा करू नका.

केए२२_ऑडी:
वाचतोय. माझी ए८ मागून बसते.

उद्यमबाग_फिटर:
साबणपाणी केलंत ते बरोबर, पण अर्धीच गाडी तपासली. एकच कोपरा बसतो म्हणजे स्ट्रटच, असं सगळे धरून चालतात. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये प्रत्येक कोपऱ्याला वेगळा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडबंद होणारा, असतो. त्यातला एक नीट बंद होईना झाला तरी नेमका तोच कोपरा खाली येणार. थंडीचंही तसंच, स्ट्रटचं रबर कडक होतं तसं ब्लॉकमधलं सीलही होतं. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात.

असं करून बघा की. बेळगावच्या उद्यमबागेत न्यूमॅटिकचं, म्हणजे दाबाच्या हवेचं, सामान मिळतं, तिथून एक पुश-फिट बॉल व्हॉल्व्ह घ्या, नळी दाबून बसवायची हाताने फिरवायची तोटी. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून जा, अंदाजाने नको. किती बारचा आहे ते वाचूनच घ्या. टायरमध्ये दोन-अडीच बार असतात, इथे त्याच्या कितीतरी पट. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हवा गेली की ही गाडी न सांगता खाली येते. नळीतली हवा सोडून द्या. मग ब्लॉकमधून पुढच्या डाव्या स्ट्रटला जाणाऱ्या नळीत तो व्हॉल्व्ह मध्ये बसवा. नळी धारदार ब्लेडने सरळ कापा, तिरकी कापली की तिथूनच हवा जाणार. स्टँडवरून उतरवायच्या आधी स्ट्रटमध्ये हवा भरून घ्या, रिकाम्या फुग्यावर वजन आलं तर घडी चुकीची पडून रबर फाटतं.

गाडी उंचीवर आली की इंजिन बंद, कॉम्प्रेसरचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) काढून खिशात, बॉल व्हॉल्व्ह बंद. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी परत मोजा. खाली आली तर स्ट्रट किंवा त्याच्याकडची नळी. उभी राहिली तर ब्लॉक किंवा ब्लॉकाकडचा जोड.

खानापूररोडकर:
केलं. बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून रात्रभर गाडी तशीच, टेपवर फरक नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी व्हॉल्व्ह उघडला, रिले बाहेरच ठेवला. संध्याकाळपर्यंत कोपरा खाली. ब्लॉकच्या जोडांना फेस लावला, तिथे काही नाही. म्हणजे आतूनच जातंय. फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं लाइनर काढून ब्लॉक बाहेर घेतला, तर एका तोंडाशी पांढरी पावडर. ही कसली? आणि स्क्रॅपच्या गाडीतला ब्लॉक स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

तवंदी_घाट:
चार स्ट्रट सांगणाऱ्याला फोटो पाठवा आधी!

उद्यमबाग_फिटर:
पावडर बहुतेक ड्रायरची. कॉम्प्रेसरला लागून ड्रायर असतो, त्यातले दाणे हवेतली ओल शोषून घेतात. गाडी खाली घेताना कोरडी हवा त्याच दाण्यांतून बाहेर जाते आणि ते परत वाळतात. गळती असली की हवा भलतीकडूनच जाते, दाणे वाळतच नाहीत. त्यात आपल्याकडचा पावसाळा आणि सारखा चालणारा कॉम्प्रेसर. दाणे भिजून भुगा होतात, भुगा ब्लॉकात जाऊन बसतो, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. नुसता ब्लॉक बदललात तर नव्यातही तेच होणार. ड्रायर त्याच्याबरोबर करा, नळ्या कोरड्या हवेने फुंकून घ्या. रिलेही नवा टाका, स्वस्त आहे. तो आतून चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळतो.

स्क्रॅपमधला नको. त्यातल्या सीलचं वय तुमच्याइतकंच, म्हणजे गाडीच्या. स्ट्रटला आत्ता हात लावायची गरज नाही. काम झाल्यावर स्कॅनरवर उंचीचं कॅलिब्रेशन बघून घ्या. आणि उरलेल्या नळ्या काढायच्या आधी प्रत्येकीला कोपऱ्याप्रमाणे वेगळ्या रंगाची टेप लावा. अदलाबदल झाली तर गाडी डावं उचलायला जाईल आणि उजवं उचललं जाईल.

केए२२_ऑडी:
बॉल व्हॉल्व्ह काढलात की मला द्या. रविवारी टिळकवाडीत येऊन नेतो.