मुंग्या आणि टेम्पोचा फेरा

"एक्सेलमध्ये सूत्रं बसवली की धंद्याचं मॉडेल तयार, मुंग्या नि जनुकं हवीत कशाला?" असं एकाने विचारलंय; रोख आहे मुंग्या नि जनुकांवरून सुचलेल्या संगणकी पद्धतींवर. हिशेबापुरतं मान्य. पण मालाच्या टेम्पोचा फेरा घ्या. फक्त १५ दुकानं कुठल्या क्रमाने घ्यायची, याचेच पर्याय सुमारे १.३ लाख कोटी होतात. सगळे तपासत बसणार कोण?

जवळचा फेरा शोधायची मुंग्यांची युक्ती संगणकशास्त्रज्ञ मार्को डोरिगोने १९९२ च्या पीएचडी प्रबंधात मांडली. संगणकातल्या मुंग्या वाटेल तशा फिरतात, मागे गंध सोडतात, जवळच्या वाटेवर तो दाट होतो, पुढच्या तिकडे वळतात. खरी गंमत मात्र गंध उडून जाण्यात आहे. तो उडाला नाही, तर पहिल्या चार मुंग्यांनी धरलेली आडवाटच हमरस्ता होऊन बसते. (धंद्यातही हे दिसतं म्हणा.)

ओळखीतल्या एका बेकरीसाठी मी हे करून पाहिलं. अंतर छान कमी झालं. ड्रायव्हरकाका कागद बघून हसले. "हा तिसरा दुकानदार गल्ला जमल्याशिवाय पैसे सोडत नाही. त्याच्याकडे सकाळी सातला जाऊन काय करू?"

ही अट मॉडेलमध्ये नव्हतीच. मग गणितज्ञ लोत्फी झादेंच्या १९६५ च्या फझी कल्पनेने (नुसतं हो-नाही न म्हणता 'किती प्रमाणात' ते मोजायचं) ती घातली: अकराला गेलं तर उत्तम, साडेदहाला अर्धंमुर्धं चालेल, सातला अजिबात नाही. फेरा थोडा लांबला, पण वसुली सुधारली.

एक्सेल आहेच अजून. डिझेलच्या नोंदी त्यातच.