आफ्रिका व आफ्रिकी डायस्पोरा: विद्यापीठातल्या तीन दिवसांच्या कार्यक्रमाचं नियोजन

पिंपळपान (प्रश्न)
विद्यापीठात आफ्रिका आणि आफ्रिकी डायस्पोरा (आफ्रिकेबाहेर विखुरलेले आफ्रिकी वंशाचे लोक) यांवर तीन दिवसांचा कार्यक्रम ठरतोय. १२० खुर्च्यांचं सभागृह आणि बाहेरची लांब मार्गिका मिळेल. व्याख्यानं, भिंतीवर प्रदर्शन, एक चित्रपट, शेवटी जेंबे (हाताने वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल) आणि कोरा (तिथलंच तंतुवाद्य). अडलंय ते असं: तारीख कोणती धरावी, प्रदर्शनात नेमकं काय असावं, आणि वादकांसाठी काय तयारी लागते? नुसता कपडे-नाच-जेवणाचा मेळावा नकोय.

तळटीप
आधी विषय आवळा. 'आफ्रिका' हा तीन दिवसांचा विषय नव्हे. एक धागा पकडलात की तारीख आपोआप सुचते.

अखिल आफ्रिकी राजकारण असेल तर २५ मे. १९६३ साली याच दिवशी अदिस अबाबात आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली. फक्त परीक्षा आड येत नाहीत ना ते बघा. अमेरिकेतला कृष्णवर्णीय इतिहास असेल तर फेब्रुवारी: इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, केंट स्टेट विद्यापीठात १९७० मध्ये त्याचा महिना झाला. ब्रिटनचा महिना मात्र ऑक्टोबर, १९८७ पासून. ब्राझील घेतलंत तर २० नोव्हेंबर, पळालेल्या गुलामांच्या पाल्मारेस वसाहतीचा नेता झुंबी याचा स्मृतिदिन.

२५ मार्च हा गुलामगिरीच्या बळींचा संयुक्त राष्ट्रांचा स्मरणदिन. त्या संध्याकाळी ढोल आणि नाच ठेवले तर जाणकार पाहुणे पाय मागे घेतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

नकाशेवाला
प्रदर्शनाबद्दल. सगळ्यात जास्त चुका नकाशात होतात. भिंतीवर मर्केटर नकाशा (ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणारा) लावू नका. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. 'इक्वल अर्थ' हे २०१८ चं, क्षेत्रफळांचं प्रमाण राखणारं प्रक्षेपण (नकाशा काढायची पद्धत) वापरा.

झेंडे लावणार असाल तर संख्या आधी ठरवा. आफ्रिकी संघाचे सदस्य ५५, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले ५४. फरक पश्चिम सहाराचा (सहरावी प्रजासत्ताक). त्या भूभागावर मोरोक्कोचा दावा आहे, त्यामुळे मोरोक्कोचे विद्यार्थी असतील तर वाद तिथेच पेटतो. झेंडे गाळणं सगळ्यात सोपं.

गुलामांच्या व्यापाराचा फलक करताना अमेरिकेकडे जाणारा एकच जाड बाण काढतात, तो दिशाभूल करतो. 'स्लेव्ह व्हॉयेजेस' हा विदासंच (गुलामवाहू जहाजांच्या फेऱ्यांची नोंद) मोफत आहे. त्याच्या अंदाजानुसार सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली, पलीकडे पोचली एक कोटी सात लाखांच्या आसपास. त्यांतली आफ्रिकेतून थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उतरली ती चार लाखांच्या आत. ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख. बाणांची जाडी या प्रमाणात ठेवा, मग फलक स्वतःच बोलतो. शिवाय हिंदी महासागराची बाजू विसरू नका. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर दख्खनमध्ये राज्य चालवत होता. 'डायस्पोरा म्हणजे अटलांटिक' हा समज त्या एका फलकाने मोडतो.

कापडांचं दालन असेल तर केंटे (हातमागावरच्या अरुंद पट्ट्या शिवून केलेलं, पश्चिम आफ्रिकेतल्या असांते व एवे विणकरांचं) आणि वॅक्स प्रिंट (छापील सुती कापड) यांना एकच चिठ्ठी लावू नका. वॅक्स प्रिंटची सुरुवात डच गिरण्यांनी जावाच्या बाटिकची (मेण लावून रंगवलेल्या कापडाची) नक्कल करण्यातून झाली.

फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी, मजकूर १०० शब्दांच्या आत. मार्गिकेत लोक थांबत नाहीत.

चर्मवाद्य
जेंबेला बकऱ्याचं कातडं असतं. दमट हवेत ते सैल पडून आवाज बसतो, कोरड्या वातानुकूलित खोलीत ताणून प्रसंगी फाटतं. म्हणून वाद्यं दोन-तीन तास आधी त्याच सभागृहात आणून ठेवा, पण हवेच्या झोतापासून लांब.

जेंबेचा खर्ज खालच्या तोंडातून येतो. जमिनीवर सपाट टेकवलं की घुमतच नाही. पुढे कलतं धरावं लागतं. माइक दोन असल्यास एक वर थापेसाठी, दुसरा खाली. शेजारी व्याख्यान चालू असताना रंगीत तालीम नको, भिंतीतून सगळं ऐकू जातं.

कोऱ्याला २१ तारा: ११ डाव्या हाताला, १० उजव्या. लावायला अर्धा तास शांतता द्या.

पिंपळपान
फार उपयोगी. आमच्यातला एकजण कोऱ्याबरोबर कीबोर्ड वाजवायचं म्हणतोय. चालेल?

चर्मवाद्य
स्वरपट्टी आधी कळवली तरच. कोरा एका सप्तकाच्या सात स्वरांत लावतात; मंचावर मधेच पट्टी बदलायची म्हटलं तर तारा पुन्हा लावाव्या लागतात. शिवाय पारंपरिक लावणी कीबोर्डच्या समान अंतरांवर लावलेल्या स्वरांशी जुळेलच असं नाही. वादकाला पट्टी आणि ए = ४४० (ए हा स्वर ४४० हर्ट्झला, म्हणजे कीबोर्डचं प्रमाण) दोन्ही आठवडाभर आधी सांगा.

तळटीप
चित्रपटाचं राहिलं: घरच्या स्ट्रीमिंग वर्गणीवर सभागृहात दाखवता येत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी वेगळी लागते. वितरकाला सहा-आठ आठवडे आधी लिहा. आणि जेवणात शेंगदाण्याचा रस्सा असेल तर भांड्यावर ठळक चिठ्ठी हवी.