टाइट एंड : शब्दाचा अर्थ आणि होतकरूची पारख

प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल ड्राफ्टविषयी (व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडू क्रमाक्रमाने निवडतात त्याविषयी) मराठीत लिहिताना एका जागेचे नाव मला सतत अडवते आणि ते म्हणजे 'टाइट एंड'. महाविद्यालयीन टाइट एंडविषयीच्या अहवालांत 'इन-लाइन', 'मूव्ह', 'रॉ', 'कंप्लीट', 'विलिंग ब्लॉकर' अशी विशेषणे येतात. ती नुसती देवनागरीत उतरवली, तर वाचकाला त्यातून काही कळत नाही. या शब्दांचे नेमके अर्थ कोणते, आणि 'प्रॉस्पेक्ट' या शब्दासाठी मराठीत काय वापरावे?

उत्तर

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मराठीत तयार आहे. 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे होतकरू. आपण 'होतकरू गायक', 'होतकरू फलंदाज' असे सहज म्हणतो आणि त्यात आजचे कौशल्य व उद्याची शक्यता ही दोन्ही एकत्र असतात. 'संभाव्य खेळाडू' हा शब्द कोरडा तर आहेच, शिवाय चुकीचाही आहे, कारण तो माणूस खेळाडू आजच आहे. संभाव्य आहे ते त्याचे व्यावसायिक होणे. 'इव्हॅल्युएशन'साठी 'मूल्यमापन' चालेल, पण मला 'पारख' आणि 'जोखणे' हे शब्द अधिक जवळचे वाटतात.

आता मूळ नाव. यातील 'एंड' म्हणजे टोक. नियमानुसार चेंडू खेळात येण्याच्या क्षणी आक्रमक संघाचे किमान सात खेळाडू स्क्रिमेज रेषेवर (चेंडू जिथून खेळात येतो त्या काल्पनिक रेषेवर) उभे असावे लागतात, आणि त्या सातांपैकी केवळ दोन टोकांच्या खेळाडूंनाच पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा हक्क असतो. जो टोकाचा खेळाडू टॅकलला (अडवणाऱ्या रांगेतील कडेच्या खेळाडूला) खेटून उभा राहतो तो 'टाइट' एंड, आणि जो रेषेवरच पण दूर बाजूला उभा राहतो तो 'स्प्लिट' एंड. टाइट एंडच्या बाहेरच्या बाजूला दुसरा खेळाडू रेषेवरच येऊन उभा राहिला, तर टाइट एंड 'झाकला' जातो आणि त्या डावापुरता त्याचा झेलण्याचा हक्क जातो. म्हणजे हे नाव माणसाच्या गुणांवरून आलेले नसून उभे राहण्याच्या जागेवरून आलेले आहे. त्याचे भाषांतर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. क्रिकेटमधील 'स्लिप', 'गली', 'पॉइंट' ही जागांची नावे मराठीने तशीच घेतली आणि त्यामुळे कोणाचेही काही अडले नाही.

अडचण पुढे आहे. नाव जागेचे असले तरी पारख कामाची करायची असते, आणि या एका नावाखाली आज किमान तीन निराळी कामे येतात. 'इन-लाइन' म्हणजे टॅकलशेजारी हात जमिनीला टेकवून उभा राहणारा आणि समोरच्या धिप्पाड डिफेन्सिव्ह एंडशी (बचावाच्या रांगेतील टोकाच्या खेळाडूशी) भिडणारा खेळाडू. यासाठी 'रेषेवरचा टाइट एंड' असे लिहावे. 'मूव्ह' म्हणजे रेषेच्या थोडा मागे उभा राहून चेंडू निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा आणि धावत येऊन अडवणारा. त्याला 'फिरता टाइट एंड' म्हणता येईल. तिसरा प्रकार रेषेपासून सुटून स्लॉटमध्ये (टॅकल आणि सर्वांत बाहेरचा रिसीव्हर यांमधल्या जागेत) किंवा थेट बाहेर उभा राहतो आणि जवळजवळ रिसीव्हरचेच, म्हणजे धावत जाऊन चेंडू झेलण्याचेच, काम करतो. कागदावर या तिघांचीही जागा एकच लिहिलेली असते.

या शब्दाच्या अर्थावरून एकदा रीतसर लवादही झाला. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाने जिमी ग्रॅहमला 'फ्रँचाइझ टॅग' लावला (म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक रकमेवर आणखी एक वर्ष राखून ठेवले), तेव्हा प्रश्न उभा राहिला की तो टाइट एंड आहे की वाइड रिसीव्हर. टॅगची रक्कम जागेनुसार ठरते. टाइट एंडसाठी ती सुमारे ७० लाख डॉलर होती, तर रिसीव्हरसाठी १ कोटी २० लाखांहून अधिक. ग्रॅहम बहुतांश वेळा रेषेपासून सुटून उभा राहत असे. तरीही टॅकलच्या जवळच्या स्लॉटमध्ये उभे राहणे हा टाइट एंडच्याच कामाचा भाग आहे, असे मानून लवादाने संघाच्या बाजूने निर्णय दिला. भाषेच्या दृष्टीने पाहता, शब्दाचा अर्थ व्यवहाराबरोबर सरकलेला आहे हे तिथे अधिकृतपणे नोंदले गेले.

महाविद्यालयीन खेळाडूची पारख करताना हा सरकलेला अर्थच सर्वांत जास्त फसवतो. महाविद्यालयीन आणि व्यावसायिक मैदानांची रुंदी सारखीच असते, पण महाविद्यालयीन मैदानावरील दोन हॅश-खुणांमधले (प्रत्येक डाव ज्यांच्या दरम्यान सुरू होतो त्या खुणांमधले) अंतर ४० फूट असते आणि एनएफएलमध्ये ते केवळ १८ फूट ६ इंच असते. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू खुणेवर ठेवला की मैदानाची एक बाजू फार मोठी मोकळी राहते, आणि त्या बाजूला स्लॉटमध्ये उभ्या असलेल्या टाइट एंडला आयती जागा मिळते. शिवाय पुढे चेंडू फेकायचा असताना लाइनमनना (अडवणाऱ्या रांगेतील खेळाडूंना) महाविद्यालयात रेषेच्या पुढे तीन यार्डांपर्यंत जाता येते, तर एनएफएलमध्ये ही सूट एकाच यार्डाची आहे. या सवलतीमुळे धाव की फेक हे चेंडू हातात आल्यावर ठरवण्याचे डाव तिथे अधिक फळतात. लाइनबॅकर (बचावाच्या रांगेमागचा खेळाडू) धाव अडवायला पुढे येतो आणि त्याच्यामागे टाइट एंड एकटा उभा सापडतो. असा झेल आकडेवारीत मोजला जातो, पण त्यातून खेळाडूविषयी फारसे काही कळत नाही. कळते ते डावाच्या आखणीविषयी. म्हणून चित्रफीत पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा की हा खेळाडू मोकळा झाला, की त्याला मोकळे करण्यात आले.

'प्रॉडक्शन' हा शब्द इथे तपासून घ्यावा लागतो. त्याचे 'कामगिरी' हे भाषांतर ठीक आहे, परंतु निव्वळ यार्डांची (चेंडू पुढे नेलेल्या अंतराची) बेरीज म्हणजे कामगिरी नव्हे. संघाच्या एकूण फेकींतील वाटा पाहिला पाहिजे. सॅम लापोर्टाचे उदाहरण घ्या. २०२२ च्या हंगामात आयोवा विद्यापीठाचे आक्रमण एकूण यार्डांच्या क्रमवारीत देशात जवळजवळ तळाशी होते. लापोर्टाचे ६५७ यार्ड त्यामुळे किरकोळ दिसतात, पण संघाच्या फेकीतून आलेल्या यार्डांचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा होता. बचाव करणाऱ्या प्रत्येक संघाला चेंडू कोणाकडे जाणार हे ठाऊक असताना त्याने ते मिळवले होते. २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला ३४ व्या क्रमांकावर निवडले आणि पहिल्याच हंगामात त्याने ८६ झेल घेतले; नवख्या टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

त्याच आयोवातून २०१७ मध्ये आलेल्या जॉर्ज किटलला मात्र वाट्याची ही फूटपट्टीही पुरली नसती. संपूर्ण महाविद्यालयीन कारकिर्दीत त्याचे झेल ४८. तो पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने १,३७७ यार्ड काढले, जे त्या वेळी कोणत्याही टाइट एंडने एका हंगामात काढलेले सर्वाधिक यार्ड होते. किटलच्या बाबतीत खुणा दुसरीकडे होत्या. त्याने ४० यार्डांची धाव ४.५२ सेकंदांत पूर्ण केली होती आणि धावेच्या डावांत तो समोरच्याला अक्षरशः मागे ढकलत नेत असे. झेल कमी असणे हा दोष मानण्यापूर्वी चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला हे पाहावे, एवढाच याचा अर्थ. कमी झेल घेणारा प्रत्येक खेळाडू किटल होतो असा मुळीच नाही.

आता 'अ‍ॅथलेटिक'. हा शब्द इतका सैल वापरला जातो की तो एकटा लिहूच नये. ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला होणाऱ्या कंबाइन या चाचणी-मेळाव्यात ४० यार्डांची धाव, उभी उडी, लांब उडी आणि दिशा बदलत धावण्याच्या शटल, थ्री-कोन अशा चाचण्या होतात. वर्तमानपत्रांत गाजते ती ४० यार्डांची वेळ. मेरिलँडच्या व्हर्नन डेव्हिसने २००६ मध्ये ती ४.३८ सेकंदांत नोंदवली आणि तो सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. परंतु टाइट एंड सामन्यात सलग ४० यार्ड सरळ धावतो असे प्रसंग थोडे असतात. त्याला १२ यार्डांवर वळायचे असते, लाइनबॅकरच्या खांद्याला चकवायचे असते, आणि सुमारे ११५ किलोचे शरीर दोन पावलांत थांबवायचे असते. अलाबामाच्या ओ. जे. हॉवर्डची ४.५१ ची वेळ उत्तम होती, शरीरयष्टी आदर्श होती, आणि २०१७ मध्ये टँपा बे बकनियर्सने त्याला १९ व्या क्रमांकावर घेतले. तरी त्याने एकाही हंगामात ६०० यार्ड गाठले नाहीत. त्यामागे दुखापतीही होत्या, पण आयत्या मोकळ्या जागेत मिळालेल्या झेलांवरून त्याची झेलण्याची क्षमता जास्त धरली गेली असे मला वाटते. म्हणून 'चपळ', 'वेगवान', 'स्फोटक ताकदीचा' यांपैकी जे म्हणायचे असेल तेच म्हणावे.

'ब्लॉक' साठी 'अडवणे' हे क्रियापद रूढ आहे, पण ते अपुरे आहे. अडवणे म्हणजे वाटेत उभे राहणे. टाइट एंडला अनेकदा समोरच्याला जागेवरून हलवायचे असते. आतल्या बाजूच्या खेळाडूला कडेने रेटणे, बाहेरच्या खेळाडूच्याही पलीकडे पोहोचून त्याला आत कोंडणे, टॅकलच्या जोडीने एकाला उचलून मग लाइनबॅकरवर जाणे, ही तीन निराळी कौशल्ये आहेत. त्यांत पायांची ठेवण, हातांची लांबी आणि तळहात समोरच्याच्या छातीवर आत बसणे यांना वजनाहून अधिक महत्त्व असते. 'विलिंग ब्लॉकर' हे विशेषण प्रशंसेसारखे ऐकू येत असले, तरी अहवालात त्याचा अर्थ बहुधा 'तयारी आहे, परंतु जमत नाही' असा असतो. मराठीत ते तसेच स्पष्ट लिहावे.

'रॉ' म्हणजे 'कच्चा'. हा शब्द वापरताना वय सांगणे मी आवश्यक मानतो. २०१८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने एकाच ड्राफ्टमध्ये दोन टाइट एंड घेतले: साउथ कॅरोलायनाचा हेडन हर्स्ट २५ व्या क्रमांकावर आणि ओक्लाहोमाचा मार्क अँड्र्यूज ८६ व्या क्रमांकावर. हर्स्ट आधी व्यावसायिक बेसबॉलमध्ये होता आणि ड्राफ्टच्या वेळी २४ वर्षांचा होता. अँड्र्यूज २२ वर्षांचा होता. त्या संघाचा प्रमुख टाइट एंड पुढे अँड्र्यूजच ठरला. २४ व्या वर्षी १९-२० वर्षांच्या मुलांवर मिळवलेले वर्चस्व आणि २२ व्या वर्षी मिळवलेले वर्चस्व एकाच मापाने मोजता येत नाही. बास्केटबॉलमधून आलेल्यांचा कच्चेपणा मात्र वेगळा असतो. केंट स्टेटमध्ये बास्केटबॉल खेळलेला अँटोनिओ गेट्स २००३ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता, पण शरीराचा आडोसा करून चेंडू आपल्या बाजूला घेण्याची त्याची कला तयार होऊनच आलेली होती. तो २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

पुरवणी प्रश्न

उत्तर पटले. परंतु 'कंप्लीट' टाइट एंड कोणाला म्हणावे? जॉर्जियाच्या ब्रॉक बावर्सला काही जण तसे म्हणत, तर काही जण त्याला लहान चणीचा म्हणून नाकारत. आणि टाइट एंडला एनएफएलमध्ये रुळायला वेळ लागतो हे विधान अजून खरे आहे का?

उत्तर

'कंप्लीट'साठी मी 'दोन्ही कामांचा' असे लिहीन. 'परिपूर्ण' या शब्दात दोषच नाहीत असा भास होतो, आणि अहवालकर्त्याला तसे म्हणायचे नसते. त्याला एवढेच सांगायचे असते की हा खेळाडू मैदानावर आला म्हणून पुढचा डाव धावेचा की फेकीचा हे प्रतिपक्षाला ओळखता येत नाही. बावर्स त्या अर्थाने रेषेवरचा खेळाडू कधीच नव्हता. सहा फूट तीन इंच उंचीचा हा खेळाडू मुख्यतः फिरता आणि सुटा टाइट एंड होता. सर्वोत्तम महाविद्यालयीन टाइट एंडला मिळणारा मॅकी पुरस्कार त्याने २०२२ आणि २०२३ असा सलग दोनदा जिंकला. २०२४ मध्ये लास व्हेगास रेडर्सने त्याला १३ व्या क्रमांकावर घेतले आणि त्याने पहिल्याच हंगामात ११२ झेल व १,१९४ यार्ड अशी नोंद केली. उंची आणि वजनाविषयीचा आक्षेप रेषेवरच्या कामापुरता योग्य होता, पण तो संपूर्ण खेळाडूवर लावला गेला. कोणत्या कामासाठी निवड, हे आधी ठरवले असते तर तो वाद उद्भवलाच नसता.

रुळण्याविषयीचे विधान मी सरसकट वापरणार नाही. १९६१ मध्ये माइक डिटकाने पहिल्याच हंगामात १,०७६ यार्ड काढले होते, आणि त्यानंतर नवखेपणी हजार यार्ड ओलांडणारा दुसरा टाइट एंड थेट २०२१ मध्ये, काइल पिट्सच्या रूपाने आला. या साठ वर्षांच्या अंतरावरून ते विधान रूढ झाले असावे. त्यामागचे कारण खरे आहे: टाइट एंडला धावेच्या डावातील अडवण्याच्या जबाबदाऱ्या, क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) संरक्षणाची गणिते आणि रिसीव्हरचे रूट (धावण्याचे ठरलेले मार्ग) या तिन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. परंतु जो खेळाडू मुख्यतः झेलण्यासाठीच वापरला जातो त्याच्यावरचा भार कमी असतो, आणि पिट्स व बावर्स दोघेही त्याच वर्गातले. पिट्सच्या १,०२६ यार्डांबरोबर टचडाउन मात्र एकच होते हेही नोंदवावे.

२०२५ च्या ड्राफ्टमध्ये १४ व्या क्रमांकावर इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेलेल्या टायलर वॉरेनविषयी लिहायचे झाल्यास माझे वाक्य असे असेल: 'पेन स्टेटच्या या होतकरू टाइट एंडने शेवटच्या हंगामात १०४ झेल घेतले, तो रेषेवर, रेषेमागे आणि क्वार्टरबॅकच्या जागीही उभा राहिला असून झेलानंतर पहिल्या धडकेत सहसा पडत नाही.' यात वाचकाला अहवालांतले विशेषण एकही मिळत नाही, पण तो कुठे उभा राहतो आणि काय करतो हे कळते.