मदत हवी आहे: आईच्या खालच्या दोन दाढा गेल्या, इम्प्लांट, ब्रिज की कवळी?

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, साताऱ्याला असते. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन्ही दाढा काढाव्या लागल्या. अक्कलदाढ केव्हाच गेलेली, त्यामुळे मागे काहीच उरलं नाही. सगळं चावणं उजवीकडून. भाकरी दुधात कुस्करून खाते आणि विचारलं की "माझं काही अडत नाही" हे ठरलेलं उत्तर.

एका डॉक्टरांनी सरळ दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात) सांगितले. दुसरे म्हणाले, पुढच्या दोन लहान दाढा घासून त्यांच्यावर ब्रिज (शेजारच्या दातांना जोडलेला पक्का नकली दात) बसवू. हे मला पटेना. मागे आधारच नाही, म्हणजे नवी दाढ अधांतरी राहणार आणि चावण्याचा जोर धडधाकट दाढांवर येणार. तिसरा पर्याय काढती-घालती कवळी. स्वस्त आहे, पण मावशीची कवळी जेवताना हमखास डबीत असते!

खरी धाकधूक वेगळीच आहे. आईला मधुमेह आहे (एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७.१) आणि हाडं ठिसूळ म्हणून चारेक वर्षं आठवड्याला ॲलेंड्रोनेटची गोळी चालू आहे. दोघांपैकी एकानेही गोळ्यांची चौकशी केली नाही. अशा परिस्थितीत कुणाच्या घरी इम्प्लांट झालंय का?

प्रतिसाद:
मी दंतवैद्य आहे. गोळीचं आधी सांगा, बाकी नंतर. या गटातल्या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. शिरेतून मोठे डोस घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांत धोका बराच जास्त, गोळीवाल्यांत कमी. पण वर्षं वाढतात तसा वाढतो. गोळी परस्पर बंद मात्र करू नका. दाढा काढलेली जागा नीट भरली का? इम्प्लांट ठरलंच तर आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हवा, कारण खालच्या दाढांखालून नस जाते. आणि दोन कशाला? शेवटची दाढ नसली तरी बहुतेकांचं भागतं, पहिल्या दाढेच्या जागी एकच पुरेल. हाडात पक्कं व्हायला तीनेक महिने धरा. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय किंवा नायर दंत महाविद्यालय आहे.

धागाकर्ता:
जागा छान भरली आहे. एकावर भागेल हे कुणी बोललंच नव्हतं! सोमवारी आधी हाडांच्या डॉक्टरांना गाठतो. कवळीवाल्यांनो, तुम्हीही लिहा. आईचा कल तिकडेच आहे.